चंदगडच्या अकरा हाडांची खरी हकीकत

गेल्या महिन्यात बाईंची शोकसभा झाली. तीन वक्ते बोलले आणि तिघेही चुकीचे बोलले. पहिल्याने त्यांना संत केले, दुसऱ्याने वेडे ठरवले. तिसरे एके काळी आमच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांनी अतिशय गोड आवाजात सांगितले की बाईंची बुद्धी मोठी होती, मात्र आकड्यांच्या बाबतीत त्यांचा उत्साह कधी कधी पुढे धावत असे. सभागृहातल्या जुन्या मंडळींना त्या वाक्याचा अर्थ बरोबर कळला. बाईंनी आपल्या एकमेव मोठ्या संशोधनात आकडे जुळवले आणि पकडले जाण्याच्या भीतीने तो निबंध मागे घेतला, अशी कुजबुज इतकी वर्षे चालत आली आहे. प्रमुखांनी तसबिरीला हार घालून त्या कुजबुजीवर शिक्का मारला.

बाईंच्या भाचीने आता स्मरणिका काढायचे ठरवले आहे आणि ते भाषण तीत छापले जाणार आहे. मी तिला सांगितले, ते छापणार असशील तर माझेही छापावे लागेल.

“मामा, तुम्ही भांडण काढणार,” ती म्हणाली.

“काढणार,” मी म्हणालो.

मी कोण, हे आधी सांगतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो. बाई तिथे हाडांवर संशोधन करत आणि एकोणीस वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले. हाड मऊ करून त्याचे असे पातळ काप करायचे की काचेवर ठेवल्यावर खालच्या कागदावरची अक्षरे वाचता यावीत, हे माझे काम. ते काम त्या काळी या जिल्ह्यात माझ्याइतके चांगले कोणी करत नव्हते. यात नम्रता दाखवण्याचे मला कारण दिसत नाही. तारुण्यात मी शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघात गोल राखत असे, त्यामुळे बाई मला पहिल्या दिवसापासून ‘गोलकीपर’ म्हणत. माझ्या हातून एखादी काच निसटली की मान वर न करता विचारत, “काय ओ गोलकीपर, हीबी आत गेली का?”

आता वेडेपणाविषयी. दुसरे वक्ते बाईंचे विद्यार्थी, आज नामांकित डॉक्टर. ते म्हणाले, बाई लग्नाच्या पंगतीत लोकांच्या ताटांतली हाडे गोळा करत. सभागृह हसले. हे खोटे आहे. ते लग्न नव्हते, कसबा बावड्यात बाईंच्या चुलतभावाच्या घरचे जावळाचे जेवण होते. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत मटण वाढतात असे ज्याला वाटते, त्याने कोल्हापुरावर बोलू नये. दुसरे असे, की बाईंनी कोणाच्या ताटाला हात लावला नाही. स्वतःच्या ताटातली एक नळी उचलून त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि वाढणाऱ्या भावाला म्हणाल्या, “दादा, बकरं म्हातारं घातलंस.”

“तू डॉक्टर हायस का खाटीक?” भाऊ म्हणाला.

“दोन्हीबी हाय. म्हणून तर सांगतो.”

पंगत त्या वेळीही हसली होती, पण त्या हसण्यात आणि सभागृहातल्या हसण्यात फरक होता. पंगतीत बाईही हसत होत्या.

‘सांगतो’, ‘जातो’, ‘बघतो’ असेच त्या बोलत. पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापकांनी एकदा त्यांना व्याकरणाची आठवण करून दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या गावात बाया अशाच बोलतात. तुम्ही हाडाचं बोला.” मात्र लिहिताना त्यांचे मराठी आणि इंग्रजी दोन्ही धुतल्या तांदळासारखे असे. उंची पावणेसहा फूट, खांदे रुंद, मनगटावर वडिलांचे मोठे घड्याळ. हाडाला ऊन लागते म्हणून रस्त्याने चालायच्या त्या उन्हाच्या बाजूने, भर एप्रिलमध्येसुद्धा. प्रयोगशाळेच्या दाराच्या चौकटीवर त्यांनी आमच्या सगळ्यांच्या उंच्या पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. झाडूवाल्या मावशींपासून प्रमुखांपर्यंत प्रत्येकाला दर जूनमध्ये चौकटीला पाठ लावून उभे राहावे लागे. प्रमुख दोन वर्षांत दोन रेघा खाली आले, तेव्हा त्यांनी चौकट रंगवून घेतली. बाईंनी दुसऱ्या दिवशी नव्या रंगावर पहिली रेघ ओढली, ती प्रमुखांचीच.

म्हाताऱ्या बाईच्या पाठीचे मणके आतून खचत असतील तर तिची उंची घटते. हे ओळखायला बाईंना यंत्र लागत नसे. एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारीला त्या विचारत, “आज्जी, अलीकडं लुगडं लांब झाल्यागत वाटतंय का?” म्हातारी चमकून म्हणायची, “व्हय की, पायात येतंय. तुला कसं कळलं?” मग पुढच्या थांब्यापर्यंत बाई तिला समजावत. हाड म्हणजे दगड नव्हे, ते चालू बांधकाम आहे. त्यात दोन प्रकारच्या पेशी राबतात. एक जुने हाड खातात, दुसऱ्या त्या जागी नवे बांधतात. तरुणपणी दोघींचे काम बरोबरीने चालते. पाळी गेली की खाणाऱ्या माजतात आणि बांधणाऱ्या मागे पडतात. “मग त्या खाणारीला उपाशी ठिव की,” एक म्हातारी म्हणाली. बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतले आणि पुढच्या व्याख्यानाची सुरुवात त्यानेच केली.

त्यांचा प्रश्न चंदगडच्या बायकांचा होता. चार महिने आभाळ फाटलेले, ऊन डोळ्यांना दिसत नाही, आयुष्यभर डोक्यावर भाताचे भारे आणि काजूची पोती. तिथल्या बायका खुबा मोडून कोल्हापुरात येत. शल्यविशारद मोडलेला खुब्याचा गोळा काढून तिथे धातूचा बसवत आणि काढलेले हाड कचऱ्यात जाई. तो गोळा बाईंना हवा होता. शहरातल्या बायकांच्या हाडांत खाणाऱ्या पेशी किती आणि चंदगडच्या बायकांच्या हाडांत किती, हे मोजायचे होते. चंदगडमध्ये त्या जास्त निघतील, असा त्यांचा कयास होता.

कचऱ्यात जाणारी वस्तू असली तरी बाई प्रत्येकीच्या खाटेशी जाऊन ती मागत. त्यांत चंदगडकडची एक मुसलमान म्हातारी होती, तिला सगळे चाची म्हणत. तिने बाईंना स्पष्ट सांगितले, “आमच्यात तोडलेलं हाडबी मातीत जातं. तू बरणीत घालून ठिवलंस तर मी वर जाऊन लंगडत हिंडू?”

बाई खाटेवर बसल्या. म्हणाल्या, “मला नखाएवढं लागतंय. ऱ्हायलेलं तुझ्या हातात आणून देतो. माझा शब्द.”

शेजारच्या खाटेवर एका शेतकरी घरातली आजी होती. ती म्हणाली, “मग माझंबी दे. माझं माझ्यासंगं जळू दे. जाताना उसनवारी कशाला?”

त्या दिवसापासून तो नियम झाला. काप काढून उरलेला प्रत्येक तुकडा परत द्यायचा. मी हरकत घेतली. जगातली कोणतीही प्रयोगशाळा नमुना परत देत नाही, पुन्हा तपासायची वेळ आली तर काय करणार, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, “मागून आणलेलं परत द्यायचं असतंय. तुमच्या पेठेत काय पद्धत हाय?” माझे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मी आजही सांगेन. पण चंदगडच्या एसटीत अकरा डब्या पांढऱ्या फडक्यात बांधून मीच मांडीवर घेतल्या होत्या, आणि चाचीने तिची डबी दोन्ही हातांत धरून डोळ्यांना लावली तेव्हा मी तिथे उभा होतो.

हे सर्व प्रमुखांना ठाऊक होते. सभेत त्यांनी यातले काही सांगितले नाही.

निकाल उलटा आला. चंदगडच्या काचांवर खाणाऱ्या पेशी जवळजवळ दिसल्याच नाहीत. एक खास रंग असतो, तो फक्त त्याच पेशींना लाल करतो. शहरातल्या हाडांवर तो तांबड्या मिरच्या वाळत घातल्यासारखा उठला होता, चंदगडच्या अकरा हाडांवर मात्र मोजून चार ठिपके. बाईंनी तीनदा मोजले. मग खुर्ची मागे सारून म्हणाल्या, “गोलकीपर, ह्या बायांनी मला खोटं पाडलं,” आणि असे खोटे पडण्याचा आनंद मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. डोक्यावर वाहिलेल्या ओझ्यानेच हाड राखले असेल का, असा नवा विचार त्यांनी मांडला. परगावच्या परिषदेत निबंध वाचला. लोक उठून भेटायला आले. प्रमुख शेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेत होते. निबंध छपाईला गेला. उरलेली हाडे चंदगडला पोहोचली, काही मातीत गेली, काही घराघरांत उतरंडीमागे ठेवली गेली.

नंतर एका दुपारी बाईंनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावले. “कडा बघा,” म्हणाल्या. मी पाहिले. हाडाच्या कडा जागोजाग अर्धगोल खाल्लेल्या होत्या.

“काय दिसतंय?”

“कुरतडल्यागत दिसतंय.”

“उंदरानं भाकरी कुरतडावी तशी. मग उंदीर कुठं हायत? सगळीकडं दात लागलेत आणि उंदीर एकबी न्हाई.” त्यांनी काच सरकवून पुन्हा पाहिले. “पेशी हायत, गोलकीपर. रंगच धरला न्हाई.” मग मला विचारले, “तुम्ही हाडं मऊ करताना काय बदललंतं का? आठवून सांगा.”

“न्हाई बाई,” मी म्हणालो.

त्यांनी माझी नोंदवही पाहिली. तीत सर्व तारखा व्यवस्थित भरलेल्या होत्या. “बरं,” म्हणाल्या, आणि वही मला परत दिली.

दुसऱ्या दिवशी त्या प्रमुखांच्या खोलीत गेल्या. दार उघडे होते आणि मी बाहेर काचांची पेटी घेऊन उभा होतो, म्हणून पुढचे शब्द मी कानांनी ऐकलेले आहेत. बाईंनी सांगितले, निबंध मागे घेतो.

प्रमुख म्हणाले, “छापून येऊ द्या हो. कोण येतंय तुमच्या काचा तपासायला?”

“मी आलो की,” बाई म्हणाल्या.

“पुन्हा प्रयोग करून मग ठरवू.”

“हाडं परत दिली.”

“मग मागून आणा.”

“न्हाई.”

“चूक कुणाची म्हणून कळवायचं?”

“माझी लिवा.”

तेव्हा आकड्यांच्या बाबतीत कोणाचा उत्साह पुढे धावत होता, हे वाचकांनी ठरवावे. बाईंना कोणी पकडले नाही. कोणाला संशयही आला नव्हता. स्वतःच्या कीर्तीच्या कडा त्यांनी स्वतः तपासल्या आणि त्यांत दोष दिसताच ती कीर्ती परत केली. प्रमुखांना हे खोडायचे असेल तर त्यांनी माझ्यासमोर येऊन खोडावे.

इथे लेखणी ठेवली तर भांडण मी जिंकतो. शोकसभेत मी नेमके एवढेच बोललो आणि खाली बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाची रडली. पण त्या दिवशी चौथा वक्ता मी होतो आणि मीही चुकीचेच बोललो होतो.

हाड मऊ करण्याचे दोन मार्ग असतात. एक संथ द्रावण. त्यात हाड कित्येक आठवडे ठेवायचे आणि एक दिवसाआड द्रावण बदलायचे, रविवार असो की सण. दुसरा मार्ग ॲसिडचा. एका दिवसात हाड पनीरासारखे कापता येते. मात्र त्या खाणाऱ्या पेशींत जे काही लाल रंग धरते, ते ॲसिडमध्ये मरते. बाईंनी मला हे शिकवले होते. मला ते फाजील सोवळे वाटे. बाईंकडे येण्यापूर्वी वीस वर्षे मी ॲसिडवर काम केले होते आणि माझ्या कापांना कोणी नाव ठेवले नव्हते.

चंदगडची अकरा हाडे संथ द्रावणात होती, त्याच दिवसांत आमच्या पेठेचा संघ कित्येक वर्षांनी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. मी संघाचा व्यवस्थापक होतो. सराव, उपांत्य सामना, पंचांशी वाद, मग मिरवणुकीची तयारी. प्रयोगशाळेत मी सकाळी सही करून जात असे. द्रावण बारा दिवस बदलले नाही. बाई चंदगडला नव्या रुग्णांना भेटायला गेल्या होत्या आणि सोमवारी परतणार होत्या. शनिवारी मी हाडांना सुई टोचून पाहिली, तर ती दगडासारखी. मी अकराही हाडे ॲसिडमध्ये टाकली, दुसऱ्या दिवशी स्वच्छ धुतली, पुन्हा संथ द्रावणाच्या बरणीत ठेवली आणि वहीत बारा दिवसांच्या नोंदी भरल्या. त्याच दुपारी आम्ही सामना जिंकलो.

सोमवारी काढलेले काप माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर काप होते. बाई म्हणाल्या, “ह्याला म्हणायचं हात.” मी ती शाबासकी घेतली.

त्यांनी विचारले तेव्हा खरे सांगितले असते तर काय झाले असते? बाईंनी मला चार शिव्या दिल्या असत्या, निबंध मागे घेताना कारण लिहिले असते आणि वर्षभरात नवी हाडे मागून नवे काप केले असते. कारण कळलेले असले, तर विज्ञानात चूक म्हणजे फक्त गेलेला वेळ. मी ‘न्हाई’ म्हणालो आणि त्यांच्याकडून कारणच काढून घेतले.

वेड्या बाईच्या गोष्टींत मटणाच्या दुकानाचा उल्लेख होतोच. बाई रोज सकाळी खाटकाकडून बकऱ्याची हाडे आणत, हे खरे आहे. मुले त्यांना ‘नळीवाली बाई’ म्हणत, हेही खरे. ती हाडे कशासाठी, हे मात्र कोणी विचारले नाही. आपला रंग का फसला, हे त्या शोधत होत्या. रंगाच्या बाटल्या बदलल्या. पाणी बदलले. पंचगंगेचे, विहिरीचे, नळाचे, वेगवेगळ्या पाण्याने काचा धुऊन पाहिल्या. ती हाडे मऊ करण्याचे काम माझेच होते, आणि आता मी एकही दिवस चुकवत नव्हतो. पुढची कित्येक वर्षे मी एकही अंतिम सामना पाहिला नाही. त्यामुळे दर वेळी रंग लालभडक उठे. प्रत्येक काच उत्तम येई आणि बाईंचा चेहरा अधिक उतरे.

“मग तवा का न्हाई, गोलकीपर?”

मी काचा पुसत असे.

शेवटी त्यांना वाटू लागले, दोष आपल्या हातात आहे. रंगाची बाटली त्या स्वतः उचलेनाशा झाल्या, विद्यार्थ्याला सांगत. मी एकदा सुचवून पाहिले, चंदगडच्या बायकांकडे नव्याने हाडे मागू. त्या म्हणाल्या, “अकरा बायांचं वाया घालवलं. आता कुठल्या तोंडानं मागू?” चंदगडच्या बायकांचे खुबे का मोडतात, या प्रश्नाकडे त्या पुन्हा वळल्या नाहीत.

माझी पत्नी म्हणते, बाईंना सगळे कळले असणार, त्यांनी तुम्हाला सांभाळून घेतले. माझ्या सुखासाठी ती हे म्हणते आणि मला ते मान्य नाही. ज्याला कारण माहीत आहे तो माणूस नऊ वर्षे पाणी तपासत बसत नाही. बाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, ज्या सरळपणाने त्यांनी चाचीला शब्द दिला होता त्याच सरळपणाने. त्यांना क्षमाशील ठरवून मला सुटका नको आहे.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना शेवटचा भेटलो, कसबा बावड्याच्या घरी. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता आणि मळीचा वास खिडकीतून येत होता. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. भाचीने चहा दिला. इकडचे तिकडचे बोलून झाले, पेठेच्या संघाची चौकशी झाली. मग त्या म्हणाल्या, “गोलकीपर, ती बरणी तुमच्याजवळ हुती. तुमच्या मनात कधी काय येतंय का, काय चुकलं असंल?”

घरून निघतानाच मी ठरवले होते की आज सांगायचे. वाक्य तयार होते. भाची दारात उभी होती, तिच्याकडे पाहिले आणि मी म्हणालो, “बाई, हवेचा काय तरी परिणाम असंल. त्या वर्षी उन्हाळा लई हुता.”

त्या म्हणाल्या, “व्हय की. उष्म्याचं मी बघितलंच न्हाई.” भाचीला म्हणाल्या, “पोरी, वही दे.” चष्मा लावला. त्यांनी वर तारीख घातली, खाली रेघ ओढली आणि माझ्याकडे पाहून विचारले, “त्या आठवड्यात खोलीत उष्मा किती हुता, आठवतंय का?”

मी अंदाजाने एक आकडा सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला.